मुकादमाची आठ पावलं

मुकादमासाठी चौथा पट्टा कापायला बाबांनी शनिवारी सकाळी चामडं काढलं, तेव्हाच मी मनाशी ठरवलं की पाचवा होऊ द्यायचा नाही.

मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. वय चौदा वर्षं चार महिने. आणि बाबा म्हणजे ज्यांच्याकडे लोक पाय दाखवायला येतात ते. एक पाय आखूड असलेले, घोटा वळलेले, बोटं गमावलेले, कंबर धरलेले. बाबा त्यांच्यासाठी बूट आणि पट्टे बनवतात. घराची पुढची खोली हीच त्यांची कार्यशाळा. एका भिंतीवर लाकडी कलबुतं टांगलेली आहेत, म्हणजे पावलाच्या मापाचे ठोकळे, ज्यांवर बूट चढवतात. प्रत्येकावर पेन्सिलीने गिऱ्हाइकाचं नाव. खोलीला कायम कॉर्कच्या भुशाचा आणि सोल्यूशनचा वास येतो, आणि तो आमच्या कपड्यांनाही येतो.

आई त्याच खोलीत खिडकीशी मशीनवर बसून अस्तरं शिवायची. चामड्याच्या तुकड्यांच्या गोणीत झोपलेलं पिल्लू तिलाच सापडलं. ते तिथे कसं आलं, कोणाला कळलं नाही. महिन्याभरात ते टेबलांखालून चकरा मारायला लागलं. ज्याच्या त्याच्या हातातलं काम हुंगून बघायचं, आणि कोणी हात थांबवून गप्पा मारू लागलं की मध्ये येऊन बसायचं. "मालक परवडला, पण हा मुकादम नको," असं आई म्हणाली आणि नाव पडलं.

आईला जाऊन अकरा महिने झाले.

पहिला पट्टा त्याआधीचा, पोटाखालून जाणारा, वर हँडल. मागचे पाय फरशीवरून घसरायला लागले होते. दुसरा छाती आणि कंबर दोन्ही तोलणारा, आतून लोकरीचं अस्तर. तिसरा दोन चाकांच्या गाड्याला जोडलेला. चाकं एका मोडक्या ट्रॉलीची. तो गाडा घेऊन मुकादम पहिल्यांदा गल्लीत उतरला तेव्हा लोक दारात येऊन उभे राहिले, आणि बाबा मागून असे चालत होते, जणू नवी मोटार घेतली आहे. प्रत्येक पट्ट्यानंतर मुकादम पुन्हा चालायचा आणि बाबांचा चेहरा आठवडाभर उजळलेला असायचा. या अकरा महिन्यांत तसा चेहरा मी फार वेळा पाहिलेला नव्हता. त्यामुळे मीही पट्ट्यांच्या बाजूने होते.

चौथा पुढच्या पायांसाठी होता.

"पुढचे पाय दमतात त्याचे," बाबा म्हणाले. "सगळा भार तिथे आलाय. तेवढा वरून टांगून घेतला की झालं."

"वरून म्हणजे कुठून?"

"छताला कडी आहे ना."

मी वर पाहिलं. कडी होती. पूर्वी तिला चामड्याचे गठ्ठे टांगायचे.

"बाबा, तो कुत्रा आहे. पंखा नाही."

"पंख्याला कोणी लोकरीचं अस्तर लावतं का?" ते म्हणाले आणि कापत राहिले.

रविवारी आत्या आली. ती दर रविवारी येते. बाबांपेक्षा तीन वर्षांनी धाकटी, तीस वर्षं इस्पितळात नर्स होती, त्यामुळे कोणाच्या दुखण्याचं तिला नवल वाटत नाही, स्वतःचं सोडून. तिने चपला काढल्या, टेबलावरचं चामडं बघितलं आणि कंबरेवर हात ठेवले.

"दादा, गुडघ्यांसाठी पट्टा दोन वर्षं मागतेय मी. भुंकायला शिकू का आता?"

"आत्ता काय करतेयस?" बाबा म्हणाले.

ती हसली, मुकादमाशेजारी खुर्ची ओढून बसली. तो कोपऱ्यातल्या गादीवर आडवा होता. तिने पिशवीतून उकडलेलं अंडं काढलं, वाटीत कुस्करलं, वाटी त्याच्या नाकापुढे धरली. अंड्यासाठी एकेकाळी या कुत्र्याने स्वयंपाकघराचं दार नखांनी सोलून काढलं होतं. त्याने हुंगलं आणि मान हळूच पलीकडे वळवली, पाहुणा नको म्हणताना वळवतो तशी.

"हा खात नाहीये," आत्या म्हणाली.

"सकाळी खाल्लं की माझ्या पाळीला," बाबा म्हणाले.

"संध्याकाळी माझ्यासमोर खातो," मी म्हणाले.

गोळी उशीखाली लपवणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं आत्याने आम्हा दोघांकडे बघितलं. "कसा खातो? दाखवा."

कोणीच उठलं नाही. मग बाबा उठले. त्यांनी दुधात पाव भिजवला, बोटाच्या पेराएवढा गोळा केला, मुकादमाच्या ओठाची कड उचलून गालात सरकवला आणि गळ्यावरून दोन बोटं खाली ओढत राहिले, तो गिळेपर्यंत. इतकं सराईतपणे, की ते मी लगेच ओळखलं. कारण मीही अगदी असंच करत होते. ओठाची कड, गाल, गळ्यावरून बोटं. मग वाटी धुऊन सिंकपाशी पालथी ठेवायची, सकाळी बाबांना दिसावी म्हणून. आणि सकाळची त्यांची पालथी वाटी बघून मला धीर यायचा.

"किती दिवस?" आत्याने विचारलं.

"पंधरा असतील," बाबा म्हणाले.

"माझे बारा."

"म्हणजे बारा दिवसांत याने आपणहून घासभर खाल्लेलं नाही. आणि घरात दोघांनाही वाटतंय, दुसऱ्यापुढे खातो." तिने अंड्याची वाटी खाली ठेवली. "शिकलेली माणसं तुम्ही. कुत्रं नाही, दोघांनी मिळून एक खोटं पाळलंय."

मी एका प्रकाशनसंस्थेसाठी मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच माझं पोट भरायचं काम. घरातली ही चूक मला दिसली नव्हती, कारण तिचा अर्धा भाग मीच लिहीत होते.

सोमवारी सकाळी वरच्या खोलीतून मी डॉक्टरांना फोन केला. मुकादमाची डॉक्टर तिशीतली आहे. बाबांना काका म्हणते, मला ताई. मागच्या महिन्यात तिने आम्हाला तीन प्रश्न विचारले होते. आपला आपण उठतो का? आपला आपण खातो का? घरी कोणी आलं की दखल घेतो का? आम्ही तिन्हींना हो म्हणालो होतो. आता मी खरं काय ते सांगितलं. उठत नाही, पट्टा उचलतो. खात नाही, आम्ही भरवतो. दखल घेतो, डोळ्यांनी.

तिने विचारलं, "काका काय म्हणतात?"

"अजून विचारलं नाही."

"मी कोणाला तारीख सांगत नाही, ताई. पण तुम्ही सांगताय त्यावरून त्याचं आता नुसतं सोसणं चाललंय. आज ना उद्या त्याचा श्वास अडकेल, किंवा तो घास घशात अडकेल. मग तुम्ही त्याला रिक्षात घालून पळत याल आणि तो घाबरलेला असेल. ती वेळ येऊ द्यायची का, एवढंच तुमच्या हातात आहे. सोमवारी आणि गुरुवारी मी घरी येते. गुरुवारी अकराला मोकळी आहे. लिहू?"

"लिहा."

"काकांना विचारून?"

"विचारते. पण तुम्ही लिहा."

खाली आले तेव्हा बाबा पट्ट्याला भोकं पाडत होते. मी त्यांना सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही.

"पुढच्या आठवड्यात बघू. हा पट्टा तर होऊ दे."

हे शब्द एकट्या बाबांचे नव्हते. आई इस्पितळात होती तेव्हा शेवटी शेवटी ती एकच गोष्ट मागायची: घरी न्या. तिथले डॉक्टर म्हणाले होते, न्यायचं तर न्या, इथे आता वेगळं काही होणार नाही. आम्ही म्हणालो, पुढच्या आठवड्यात, ताप उतरू दे. मग म्हणालो, पुढच्या आठवड्यात, खोलीला रंग देऊन घेऊ. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा ती भिंतीकडे बघत राहिली. चौथ्यांदा म्हणायची वेळ आली नाही. बाबा मला सांभाळत होते, मी बाबांना सांभाळत होते, आणि त्यात तिला सांभाळायचं राहून गेलं.

यावर आम्ही दोघं कधी बोललेलो नाही. त्या सोमवारीही नाही.

"पुढचा आठवडा नाही, बाबा," मी एवढंच म्हणाले. "गुरुवार."

"ठरलंय तुझं?"

"हो."

"मग मला कशाला विचारतेस?"

"तुम्ही धरलं नाही तर तो घाबरेल."

त्यांनी पुढचं भोक पाडलं. हातोडीचा घाव जरा जोरात बसला. मुकादमाचा कान हलला, बाकी काही नाही.

मला आडवळणाने करता आलं असतं. गुरुवारी बाबांना काही कामानिमित्त बाहेर पाठवायचं, आणि ते येईपर्यंत सगळं आटोपलेलं. आत्याने फोनवर तेच सुचवलं. पण मुकादमाला त्यांच्या हाताखालून असं काढून घेतलं असतं, तर बाबांना तो पट्टा आयुष्यभर पुरला असता. तो पूर्ण झाला असता तर, असं ते म्हणत राहिले असते. मला त्यांचा होकार हवा होता, उघड्या डोळ्यांनी दिलेला, आणि त्यासाठी तीन दिवस होते.

मंगळवारी एक पोस्टमन गुडघा दुखतो म्हणून आला. नवीन गिऱ्हाईक. उजव्या बुटाला कुठूनतरी जाड टाच लावून घेतलेली, हातात काठी. दारातून आत आला, कोपऱ्यातल्या मुकादमाला बघून एक पाऊल मागे सरकला आणि मग थांबला.

"भुंकत नाही?"

"नाही," मी म्हणाले.

"सत्तावीस वर्षांत पहिलं कुत्रं. मला बघून गप्प बसलेलं." त्याने पुन्हा एकदा खात्री करून घेतली. "तब्येत बरी नाही का त्याची?"

बाबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. "बूट काढा," ते म्हणाले. "मोजेही. काठी तिथे टेकवा."

"काठी पण?"

"काठी आधी. काठीइतकं खोटं कोणी बोलत नाही."

नवीन गिऱ्हाइकाला बाबा माप घ्यायच्या आधी अनवाणी चालवतात. खिडकीपासून दारापर्यंत आठ पावलं, कशाचाही आधार न घेता. आधार लावलेला पाय बघून बनवलेला बूट म्हणजे चुकीवर चूक, असं त्यांचं म्हणणं. पोस्टमन चालला. बाबा उकिडवे बसून हनुवटीला हात लावून बघत होते. अशा वेळी ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाहीत, नुसते पायांकडे बघतात. आठव्या पावलाला ते म्हणाले, "गुडघ्याचं कोणी सांगितलं तुम्हाला? गुडघा बिचारा निर्दोष आहे. कंबर आहे तुमची. ही टाच काढून टाका आधी, तिनेच वाट लावलीय."

"चार वर्षं घालतोय मी ती."

"चार वर्षं चालताय, म्हणून पाय बरोबर आहे असं वाटलं."

पोस्टमनचं माप झालं, तो गेला. बाबा कलबुतासाठी लाकूड निवडायला लागले. मी दार लावलं आणि तिथेच उभी राहिले.

"बाबा, अजून एक गिऱ्हाईक आहे."

"कोण?"

मी कोपऱ्यातल्या गादीकडे पाहिलं. त्यांनी माझ्या नजरेच्या दिशेने पाहिलं आणि त्यांना कळलं. लाकडाचा ठोकळा त्यांनी खाली ठेवला.

"नको," ते म्हणाले.

"आठ पावलं. पट्ट्याशिवाय. मी हाक मारते, तुम्ही नुसतं बघा. बघून झाल्यावर म्हणालात चौथा पट्टा हवा, तर मी आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना येऊ नका म्हणून सांगते. परत हा विषय काढणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

हे बोलताना मला भीती वाटत होती. बाबा जिद्दीचे आहेत. मुकादमाने दीड पाऊल टाकलं तरी त्यांना आठ दिसू शकली असती. पण पायाच्या बाबतीत त्यांनी कधी कोणाला खोटं सांगितलेलं मी पाहिलेलं नाही. माझी सगळी भिस्त तेवढ्यावरच होती.

त्यांनी स्वतः पट्टा सोडला. तीन बकलं, एकेक करून. मग मुकादमाला खिडकीपाशी उचलून नेलं, चार पायांवर ठेवलं, आणि हात काढून घेतले. हात काढायला त्यांना बराच वेळ लागला.

मी दाराशी जमिनीवर बसले आणि हाक मारली. मुकादमाने मान वर केली. त्याला यायचं होतं. ते त्याच्या कानांवरून कळत होतं. पुढचा उजवा पाय त्याने उचलला आणि पुढे टेकवला. डावा उचलताना खांदा थरथरायला लागला, वाऱ्यात पत्रा थरथरतो तसा. मागचे पाय त्या पावलात नव्हतेच. ते आधीच दुमडले होते, आणि तो त्यांना ओढत होता. डावा पाय टेकला तो वाकडा. मुकादम कुशीवर कलंडला. खाली ओल पसरत गेली. तो ओरडला नाही. त्याने मान फिरवली आणि आमच्याकडे बघायचं टाळलं. लहानपणी गादी ओली केली की तो असंच करायचा.

मी उठणार होते. बाबांनी हाताने थांबवलं. ते उकिडवे बसले होते, हनुवटीला हात, पोस्टमनकडे बघत होते तसेच. मुकादमाच्या तोंडाकडे त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. आधी मागचे पाय, मग पुढचे, मग श्वासाबरोबर वरखाली होणाऱ्या बरगड्या. सगळं रीतसर बघून झालं. मग ते गुडघ्यांवर रांगत त्याच्याजवळ गेले आणि पुढच्या पायाच्या बगलेतले केस बाजूला केले. तिथे रुपयाएवढी जखम होती, ओली. दुसऱ्या बगलेतही.

"हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "रोज अस्तर बदलत होतो. म्हटलं, शिवण टोचते."

मी फडकं आणलं. ओल पुसली. त्यांनी मुकादमाचं डोकं मांडीवर घेतलं आणि तेव्हा पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"मीच उभं करत होतो गं याला," ते म्हणाले. "हा उभा राहत नव्हता."

बाहेरून एक सायकल गेली.

"गुरुवारी किती वाजता?"

"अकरा."

"मग खड्डा उद्याच खणू. त्या दिवशी मला जमायचं नाही."

बुधवारी आम्ही त्याला काहीही भरवलं नाही. पाणी ठेवलं, तो जिभेने थोडं घेत होता. पट्टा घातला नाही. गादीसकट उचलून त्याला मागच्या अंगणात उन्हात ठेवलं आणि तिथेच कुंपणाशी खणायला घेतलं. जमीन दगडी होती. बाबांच्या हातांना आरीची सवय, कुदळीची नाही. माझ्या हातांना लाल शाईच्या पेनाची. तासाभरात गुडघाभरही खोल गेलो नव्हतो.

शेजारचे निवृत्त बसड्रायव्हर भिंतीवर कोपरं टेकून आमचं काम तपासत उभे राहिले.

"काय, झाड लावताय?"

"नाही," बाबा म्हणाले. "मुकादम."

ड्रायव्हरकाकांनी गादीकडे पाहिलं. मुकादमाने शेपटीचं टोक एकदा हलवलं.

"त्याच्यादेखत?"

"त्याच्या देखरेखीखालीच झालीयत या घरातली सगळी कामं."

काका भिंतीवरून नाहीसे झाले. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असावं. पाच मिनिटांनी ते पुढच्या दाराने आत आले, खांद्यावर पहार. बाबांच्या हातातली कुदळ त्यांनी काढून घेतली. "बूट शिवा तुम्ही," म्हणाले. "कुदळ अशी धरतात होय?" संध्याकाळपर्यंत खड्डा कमरेइतका झाला. गप्पा मुकादमावरच झाल्या. त्याने एकदा काकांचा टोपीसकट डबा पळवला होता आणि टोपी तेवढी परत आणून दिली होती, ती गोष्ट काकांनी दोनदा सांगितली.

जेवण आत्याने पाठवलं. ती स्वतः आली नाही. "मी इतक्यांचे डोळे मिटलेत," फोनवर म्हणाली, "पण याचे मला नाही बघवणार. तुम्ही करा." चौथ्या पट्ट्यासाठी कापलेलं चामडं बाबांनी त्या दिवशी पुन्हा टेबलावर घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि आत्याच्या गुडघ्यांचं माप त्यावर आखलं. तिला सांगू नकोस म्हणाले, नाहीतर रंगावरून भांडेल.

गुरुवारी सकाळी मुकादम बरा होता.

हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. दोन दिवस पट्ट्याशिवाय पडून राहिल्यामुळे असेल, जखमांना हवा लागल्यामुळे असेल, त्याचे डोळे स्वच्छ होते. मी खोलीत आले तेव्हा त्याने मान उचलली आणि शेपटी दोनदा गादीवर आपटली. बाबा त्याच्याशेजारी जमिनीवर बसून होते, चहाचा कप हातात. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी खिडकी उघडली, फरशी पुसली, जमिनीवर स्वच्छ चादर अंथरली.

अकराला पाच कमी असताना डॉक्टर आली. तिने बॅग बाहेरच्या बाकावर ठेवली आणि नुसतीच आत आली, मुकादमासमोर मांडी घालून बसली. खिशातून एक बिस्किट काढून तळहातावर धरलं. त्याने हुंगलं. मग जीभ बाहेर काढली, बिस्किट ओढून घेतलं आणि चावलं. हळूहळू, एका बाजूच्या दातांनी, पण आपणहून. सगळं.

सोळा दिवसांनी.

खोलीत फक्त त्याच्या चावण्याचा आवाज होता. सोमवारीही ती घरी येते, हे माझ्या मनात आलं. आज काय नि सोमवार काय. चार दिवस. चार दिवसांत आम्ही त्याला बिस्किटं देऊ, उन्हात ठेवू. वाक्य जिभेवर येऊन तयार होतं. तीन दिवस ज्यासाठी मी बाबांच्या मागे लागले होते, ते मोडायला एक बिस्किट पुरलं.

डॉक्टरने आमच्याकडे पाहिलं. तिने असं पूर्वीही पाहिलेलं असणार. "थांबायचं असेल तर थांबू," ती म्हणाली. "मी रागावणार नाही."

"बरा आहे तो आज," बाबा म्हणाले. डॉक्टरकडे नाही, माझ्याकडे बघून. ते विचारत होते. मंगळवारी त्यांनी मला उत्तर दिलं होतं, आता माझी पाळी होती.

मी मुकादमाकडे पाहिलं. तो चादरीवरचा बिस्किटाचा चुरा चाटत होता. त्याला भीती वाटत नव्हती. कुठे दुखत असलं तरी या घटकेला त्याचं लक्ष तिकडे नव्हतं. डॉक्टर त्याला पाहुणी वाटत होती, खोलीत सोल्यूशनचा वास होता, बाबांचा हात पाठीवर होता. सोमवारी यातलं काय असेल, कोणाला सांगता आलं असतं? बरा दिवस मिळाला की तो आपण ठेवून घेतो. मागच्या वर्षी आम्ही असे बरेच ठेवून घेतले होते. हा त्याचा होता.

"हो, बरा आहे," मी म्हणाले. "म्हणून आजच."

बाबांनी मान हलवली. डॉक्टर उठून बॅग घेऊन आली.

पहिली सुई झोपेची, तिने समजावून सांगितलं, दुसरी झोपेतच द्यायची. बाबांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी पुढचा पंजा धरला. पहिल्या सुईला त्याने कान हलवला. बाबा त्याच्याशी बोलत होते, अगदी कामाच्या आवाजात. पोस्टमनच्या बुटाबद्दल सांगत होते. टाच काढली, आता आतून कॉर्क लावायचा, पाऊण इंच, कंबरेपर्यंत फरक पडेल. मुकादम ऐकत होता, मग ऐकता ऐकता जड झाला. माझ्या हातातला पंजा सैल पडला. दुसऱ्या सुईला काहीच हललं नाही. डॉक्टरने छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. बाबांनी कॉर्कचं वाक्य पूर्ण केलं आणि मगच थांबले.

ड्रायव्हरकाका अंगणात उभे होते, टोपी हातात. माती लोटायला तिघांना वीस मिनिटं लागली. डॉक्टरने जाताना बाबांना नमस्कार केला, बाबांनी तिच्या चपलेकडे पाहिलं आणि म्हणाले, "डावी टाच झिजतेय तुमची. एकदा या." ती हो म्हणाली, आणि गाडीत बसल्यावर डोळे पुसताना मला दिसली.

मग बाबा आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं आणि आत्याला फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"झालं?"

"झालं."

"त्याला त्रास?"

"नाही. बिस्किट खाल्लं त्याने. आपणहून."

"आणि तुम्हाला?"

"आम्हाला झाला," मी म्हणाले.

"मग ठीक आहे," आत्या म्हणाली, आणि फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. दोघी बराच वेळ तशाच फोन कानाला लावून बसलो.